काळोख वाचवणारी माणसं

१ जून २००८ च्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. न्यूयॉर्कच्या रस्त्याचा एक कायमचा देखावा तिथे उभा होता आणि त्याच्या छपराचं काम चालू होतं. छपराचं डांबरी आवरण ज्योतीने तापवताना आग धरली आणि पाहता पाहता पसरली. देखावे जळाले, पर्यटकांचा लाडका किंगकाँग जळाला आणि शेजारचं फितींचं गोदामही पेटलं. त्या गोदामात 'वूमन ऑन द रन' नावाच्या १९५० सालच्या सिनेमाची ३५ मिलिमीटरची प्रिंट होती. अमेरिकेत तेवढी एकच उरलेली होती.

या सिनेमाची नायिका अ‍ॅन शेरिडन. पडद्यावर नाव नसलं तरी निर्मितीतही ती भागीदार होती. कथा सॅन फ्रान्सिस्कोत घडते. रात्री कुत्र्याला फिरवायला निघालेला एक चित्रकार डोळ्यांदेखत खून होताना पाहतो. पोलिस त्याला साक्षीदार म्हणून ताब्यात घ्यायला बघतात, पण खुनी आपल्यालाही संपवेल या भीतीने तो अंधारात पळून जातो. पोलिस त्याच्या बायकोकडे येतात, तेव्हा ती त्यांच्याशी इतक्या थंडपणे बोलते की हे लग्न कधीच संपलंय हे आपल्याला कळतं. त्याला हृदयविकार आहे हे तिला डॉक्टरांकडून समजतं. घरात त्याने ते कधी सांगितलंच नव्हतं. मग ती औषध घेऊन शहरभर त्याला शोधत फिरते. जो जो त्याच्याबद्दल दोन शब्द सांगतो, त्याच्याकडून तिला आपला नवरा नव्याने कळत जातो. शेवट समुद्रकाठच्या जत्रेत होतो. ती रोलर कोस्टरच्या डब्यात अडकलेली आहे, खाली अंधारात खुनी तिच्या नवऱ्याच्या जवळ पोचलाय, आणि तिचा आवाज चाकांच्या खडखडाटात कुणालाच ऐकू जात नाही. अवघ्या सव्वा तासाच्या सिनेमात एका संसाराची एवढी खरी गोष्ट मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

ही प्रिंट जळाल्याचं दुःख कुणाला होणार होतं? पाच वर्षांपूर्वी, म्हणजे २००३ च्या जानेवारीत, ज्यांनी ती सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरात पाहिली होती त्यांना. एडी मुलर नावाच्या एका लेखकाने 'नॉयर सिटी' नावाचा महोत्सव त्या वर्षी सुरू केला. आपल्याच शहरात घडणारे गुन्हेगारीपट दाखवायचे म्हणून त्याने स्टुडिओला कपाटं उघडायला लावली, आणि त्यातून ही प्रिंट निघाली. आग लागण्याआधी मुलरने तिची एक डिजिटल प्रत काढून ठेवली होती. पण फिल्मची सर त्या प्रतीला नव्हती. त्यामुळे शोध सुरू राहिला, आणि अखेर लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात याच सिनेमाची चांगल्या अवस्थेतली रिळं सापडली. त्यावरून लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहाने सिनेमा पुन्हा उभा केला. २०१५ मध्ये तो त्याच कॅस्ट्रो थिएटरच्या पडद्यावर परतला.

जुन्या सिनेमाचे चाहते जगभर असतात. आवडत्या नटाची छायाचित्रं जमवणारे, गाण्यांच्या चोपड्या जपणारे, संवाद पाठ म्हणणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. 'नॉयर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी सिनेमाच्या चाहत्यांची गोष्ट मात्र एका बाबतीत वेगळी आहे. यांनी आवडीच्या जोरावर सिनेमे शोधले, पदरमोड करून ते दुरुस्त करवून घेतले, आणि विस्मरणात गेलेल्या नटनट्यांना त्या हयात असतानाच पुन्हा रंगमंचावर आणून बसवलं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत चित्रपटप्रेमाने केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

हे सिनेमे नेमके कोणते, ते थोडक्यात सांगायला हवं. दुसरं महायुद्ध संपलं आणि युद्धकाळात अडलेले अमेरिकी सिनेमे १९४६ च्या उन्हाळ्यात एकदम पॅरिसमध्ये झळकले. 'द मॉल्टीज फाल्कन', 'डबल इन्डेम्निटी', 'लॉरा', 'मर्डर, माय स्वीट'. नीनो फ्रँक या समीक्षकाच्या लक्षात आलं की हॉलिवूडचा स्वरच बदललाय. नायक धुतल्या तांदळासारखा राहिलेला नाही, नायिका स्वतःच कट रचते, आणि शेवटी न्याय झाला तरी कुणाचं भलं होत नाही. त्याने या सिनेमांना 'नॉयर', म्हणजे 'काळे', म्हटलं आणि ते नाव चिकटलं. जे लोक हे सिनेमे बनवत होते त्यांना असा काही वेगळा प्रकार आपण हाताळतोय याची जाणीव नव्हती. स्टुडिओच्या लेखी ते रहस्यपट किंवा गुन्हेगारीपट होते, आणि बरेचसे तर मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे कमी खर्चाचे जोडसिनेमे.

या सिनेमांतला अंधार बराचसा जर्मनीतून आला. १९३० मध्ये बर्लिनच्या काही तरुणांनी 'पीपल ऑन संडे' नावाचा एक छोटा मूकपट केला होता. त्यात रॉबर्ट सिओडमाक, एडगर उल्मर, बिली वाइल्डर आणि फ्रेड झिनेमान एवढे सगळे होते. पुढे यातले बहुतेक, काहीजण नाझींमुळे देशोधडीला लागून, हॉलिवूडला पोचले. 'डबल इन्डेम्निटी' वाइल्डरचा, 'द किलर्स' आणि 'क्रिस क्रॉस' सिओडमाकचे, 'डीटूर' उल्मरचा. ज्यांचा देश एका रात्रीत परका झाला, त्यांच्या कॅमेऱ्याला रस्त्याच्या कोपऱ्यावर नेहमी कुणीतरी उभं दिसावं यात नवल नाही.

एडी मुलरचे वडील सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' दैनिकात बॉक्सिंगवर लिहायचे. मुष्टियुद्धाचे आखाडे आणि वर्तमानपत्राची कचेरी हे जग मुलगा घरातच पाहत मोठा झाला. १९९८ मध्ये त्याचं 'डार्क सिटी' हे पुस्तक आलं. जाणकार समीक्षकाची भाषा टाळून त्याने या सिनेमांची एक नगरीच कल्पिली आणि तिच्यातल्या एकेका वस्तीतून वाचकाला फिरवलं. महोत्सव याच पुस्तकातून जन्मला म्हटलं तरी चालेल.

कॅस्ट्रो हे १९२२ सालचं थिएटर. सुमारे चौदाशे खुर्च्या, नक्षीदार छत, आणि खेळाआधी वाजणारा ऑर्गन. जानेवारीतल्या त्या दिवसांत बाहेरच्या रांगेत फेल्ट हॅट घातलेले, दुहेरी बटणांच्या कोटातले पुरुष आणि जाळीची टोपी, हातमोजे, चाळीसच्या दशकातले झगे घातलेल्या बायका दिसत. अनेकांनी हे कपडे जुन्या बाजारातून हुडकून आणलेले असत. एका तिकिटात दोन सिनेमे, बहुधा एक गाजलेला आणि दुसरा कुणी न पाहिलेला. आधी मुलर रंगमंचावर येऊन सिनेमाची जन्मकथा सांगणार: पैसा कुणी घातला, लेखकाचं नाव का गाळलं गेलं, ही प्रिंट कुठे सापडली. मग दिवे मालवले की श्रेयनामावलीत एकेका नावाला टाळ्या पडत. हम्फ्री बोगार्टला तर पडतच, पण एलिशा कुक ज्युनिअरलाही पडत. हा किरकोळ अंगाचा नट आयुष्यभर भेदरलेल्या, फसवल्या जाणाऱ्या माणसांच्या भूमिका करत राहिला. 'द बिग स्लीप'मध्ये विषाचा पेला हातात देणाऱ्यासमोर तो ज्या लाचार धीटपणाने पितो, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. श्रेयनामावलीच्या तळाशी असलेल्या माणसाचं नाव माहीत असणं आणि त्याला दाद देणं, ही मला खऱ्या चाहत्याची खूण वाटते.

पुढे कॅस्ट्रो थिएटरचा कारभार बदलला आणि महोत्सव खाडीपलीकडे ओकलंडच्या ग्रँड लेक थिएटरात गेला. तेही १९२६ सालचं, तिथेही ऑर्गन आहे. हॉलिवूड, शिकागो, सिएटल इथेही महोत्सवाच्या आवृत्त्या भरतात. कॅलिफोर्नियातल्याच पाम स्प्रिंग्ज गावी आर्थर लायन्स या रहस्यकथाकाराने २००० मध्ये असाच एक महोत्सव सुरू केला. तो त्याच्या माघारीही त्याच्या नावाने चालू आहे. मुलर २०१७ पासून जुन्या सिनेमांच्या टीसीएम वाहिनीवर 'नॉयर अ‍ॅली' हा साप्ताहिक कार्यक्रम सादर करतो. त्यामुळे थिएटरपर्यंत पोचू न शकणाऱ्यांनाही त्याच्या प्रस्तावना ऐकायला मिळतात.

महोत्सवाच्या दोन-तीन वर्षांतच एक अडचण समोर आली. चांगल्या प्रिंट संपत चालल्या होत्या. हवे ते सिनेमे मागितले की उत्तर यायचं, प्रत नाही, किंवा आहे पण यंत्रावर चढवण्यासारखी नाही. म्हणून २००५ मध्ये 'फिल्म नॉयर फाउंडेशन'ची स्थापना झाली. तिकिटांचं उत्पन्न आणि चाहत्यांच्या देणग्या यांतून सिनेमांच्या पुनरुद्धाराला पैसा द्यायचा असं ठरलं.

मोठ्या स्टुडिओंचे सिनेमे बहुतांशी टिकले, कारण त्यांना मालक होता, गोदाम होतं, पुढे दूरचित्रवाणीला विकायची आशा होती. नॉयरमधले कितीतरी सिनेमे छोट्या, एक-दोन चित्रपटांपुरत्या उभ्या राहिलेल्या कंपन्यांचे. सिनेमा पडला की कंपनी बंद, कर्जापोटी निगेटिव्ह बँकेकडे, बँकेकडून कुठल्या वितरकाकडे, आणि मग हक्क कुणाकडे हेच कुणाला माहीत नाही. प्रयोगशाळेचं भाडं थकलं की डबे फेकून दिले जायचे. त्यात १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते, आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो.

या अनाथ सिनेमांपैकी काहींचे जनक स्वतःच परागंदा होते. मॅकार्थीच्या काळात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काळ्या यादीत टाकलं, त्यांपैकी जोसेफ लोसीचा 'द प्राउलर' (१९५१) आणि साय एन्डफील्डचा 'ट्राय अँड गेट मी' (१९५०) हे दोन्ही फाउंडेशनने वाचवलेले सिनेमे आहेत. 'द प्राउलर'ची पटकथा डाल्टन ट्रम्बोची. तो तेव्हा काळ्या यादीत, त्यामुळे त्याचं नाव पडद्यावर येणं शक्य नव्हतं. सिनेमातल्या नायिकेचा नवरा रेडिओ निवेदक आहे आणि त्याचा आवाज घरात सतत येत राहतो. तो आवाज खुद्द ट्रम्बोचा आहे! लोसी आणि एन्डफील्ड दोघेही इंग्लंडला गेले आणि तिथेच त्यांनी पुढची कारकीर्द घडवली. देशाने हाकललेल्या माणसांचं काम साठ वर्षांनी प्रेक्षकांनी वर्गणी काढून परत मिळवावं, यात मला मोठा न्याय दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, इंटरनेटवर तर हे सगळं फुकट दिसतं, असं कुणी म्हणेल. खरंय, दिसतं. पण दिसतं ते काय, हे पाहायला हवं. प्रतीवरून प्रत काढत गेलं की सगळ्यात आधी काळा रंग मरतो. सावल्या करड्या होतात, चेहरे पिठासारखे पांढरे पडतात. दुसऱ्या एखाद्या सिनेमात हे खपून जाईल, पण नॉयरमध्ये सगळा अर्थच त्या काळ्यात साठवलेला असतो. जॉन अ‍ॅल्टन हा या सिनेमांचा एक थोर छायालेखक. त्याने 'पेंटिंग विथ लाइट' नावाचं पुस्तकही लिहिलं. 'द बिग कॉम्बो'च्या (१९५५) शेवटी धुक्याने भरलेल्या विमानतळावर एक स्त्री आणि एक पुरुष केवळ दोन काळ्या आकृत्या म्हणून उभे आहेत. मागे दिव्याचा एकच झोत आहे. बाकी काही नाही. भिंत नाही, विमान नाही. देखाव्याला पैसा नव्हता आणि त्याची गरजही अ‍ॅल्टनने ठेवली नाही. हे दृश्य खराब प्रतीत पाहिलं तर राखाडी पडद्यावर दोन डाग दिसतात. 'डबल इन्डेम्निटी'मध्ये जॉन साइट्झने दिवाणखान्यातली धूळ उन्हाच्या तिरिपेत दिसावी म्हणून हवेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. बाहेर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन आणि आत बंद पडद्यांमागचं कोंदट घर. खुनाचा बेत ज्या हवेत शिजतो, ती हवाच त्याने दाखवली. प्रत वाईट असेल तर ती धूळ दिसत नाही.

'टू लेट फॉर टिअर्स' (१९४९) हे याचं ठळक उदाहरण. एका जोडप्याच्या मोटारीत अंधारातून कुणीतरी चुकून नोटांनी भरलेली बॅग फेकतं. नवरा म्हणतो पोलिसांना देऊ, बायकोची बोटं तोवर बॅगेच्या कातड्यावर घट्ट झालेली असतात. लिझाबेथ स्कॉटने रंगवलेली ही गृहिणी पुढे काय काय करते ते सांगत नाही. एवढंच सांगतो की आधी तिला धमकावायला आलेला डॅन डुरियाचा गुंड पुढे तिलाच घाबरून दारूचा आधार घेतो. या सिनेमाचे हक्क सुटलेले असल्याने स्वस्त, खरवडलेल्या प्रती बाजारात मुबलक होत्या. मूळ निगेटिव्ह मात्र कुठेच नव्हती. काही वर्षांच्या शोधानंतर फ्रान्समधून एक चांगली प्रत मिळाली आणि तिच्या आधाराने २०१४ मध्ये सिनेमा सावरला गेला. आता तो पाहताना स्कॉटच्या डोळ्यांत हिशेब सुरू झाल्याचा क्षण नेमका दिसतो.

शोध अमेरिकेपुरता राहिला नाही. ब्वेनोस आयर्सचा अभ्यासक फर्नांदो मार्तिन पेन्या याच्या मदतीने अर्जेंटिनाचे काळे सिनेमे उजेडात आले. 'लोस ताजोस अमार्गोस' (१९५६) त्यांतला एक. पीटर लॉरने काम केलेल्या 'एम' या सिनेमाचीच कथा एका आईच्या नजरेतून सांगणारा 'एल व्हाम्पिरो नेग्रो' (१९५३) दुसरा. हे काम पाहिलं की नॉयर ही एका देशाची मिरास नव्हती हे लख्ख कळतं.

पण मला या साऱ्यात सगळ्यात भिडते ती नटींची गोष्ट.

'डीटूर' हा १९४५ सालचा सिनेमा पीआरसी नावाच्या अगदी गरीब कंपनीचा. लांबी ६८ मिनिटं. उल्मरने तो सहा दिवसांत उरकला अशी दंतकथा आहे. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघालेला एक पियानोवादक ज्याच्या मोटारीतून चाललाय तो मालक वाटेत मरतो. खून नाही, पण खुनाचाच आळ येणार या भयाने हा त्याची ओळख आणि गाडी घेऊन पुढे निघतो. मग पेट्रोल पंपाजवळ उभ्या असलेल्या एका मुलीला गाडीत घेतो. सिनेमा निम्मा होत आलेला असतो. ती दमलेली आहे, केस विस्कटलेले, डोळे मिटून मान मागे टाकते. त्याला तिची कीव येते. आणि एकाएकी ती ताठ उठते, त्याच्याकडे वळते आणि गाडीच्या खऱ्या मालकाचं प्रेत कुठे टाकलंस म्हणून विचारते. नायक गप्प होतो आणि आपणही खुर्चीत दचकतो. तिथून पुढे हा सिनेमा अ‍ॅन सॅव्हेजचा आहे. तिची व्हेरा आजारी आहे, कर्कश आहे, तिला आपलं मरण जवळ दिसतंय, आणि म्हणून तिला कुणाचीच दयामाया नाही. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये एका तरुण नटीने एवढं कुरूप दिसायला तयार व्हावं ही विलक्षण गोष्ट होती.

त्यानंतर अ‍ॅन सॅव्हेजला काय मिळालं? आणखी काही दुय्यम सिनेमे, थोडं दूरचित्रवाणीवरचं काम, मग पडद्याचा निरोप. पती गेल्यावर तिने वकिलांच्या कचेरीत नोकरी केली, विमान चालवण्याचा परवाना मिळवला. तोवर 'डीटूर' मध्यरात्रीनंतरच्या टीव्हीवर, फिल्म सोसायट्यांच्या भोकं पडलेल्या प्रतींमधून हळूहळू पसरत होता. १९९२ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला. २००१ मध्ये मुलरने 'डार्क सिटी डेम्स' हे पुस्तक लिहिलं. जेन ग्रीअर, ऑड्री टॉटर, मरी विंडसर, एव्हलिन कीज, कोलीन ग्रे आणि अ‍ॅन सॅव्हेज या सहाजणींना भेटून त्याने त्यांची आयुष्यं नोंदवली. पुस्तक निघेपर्यंत मरी विंडसर गेली होती, जेन ग्रीअर त्याच वर्षी गेली. किती थोडा वेळ उरला होता ते यावरून कळावं. अ‍ॅन सॅव्हेजच्या वाट्याला मात्र आणखी एक भूमिका आली. कॅनडाचा दिग्दर्शक गाय मॅडिन 'डीटूर'चा भक्त. त्याने 'माय विनिपेग'मध्ये (२००७) स्वतःच्या आईची भूमिका तिला दिली. तेव्हा ती पंच्याऐंशीच्या पुढे होती, आणि त्या आईच्या नजरेत व्हेराची धार जशीच्या तशी होती. २००८ च्या नाताळच्या दिवशी ती वारली. तिच्यानंतर दहा वर्षांनी 'डीटूर'ची नवी, स्वच्छ प्रत तयार झाली.

मार्शा हंटची कहाणी वेगळी. अँथनी मानच्या 'रॉ डील'मधली (१९४८) ही गुणी नटी १९५० मध्ये काळ्या यादीत आली आणि ऐन भरात तिचं काम आटलं. पुढची कितीतरी वर्षं ती समाजकार्यात राहिली. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना मुलरने तिला घेऊन 'द ग्रँड इन्क्विझिटर' हा लघुपट केला. महोत्सवांमध्ये ती येऊन बसली, बोलली, आणि लोकांनी उभं राहून तिला मानवंदना दिली. १०४ वर्षांची होऊन ती २०२२ मध्ये गेली. ज्यांनी तिला गप्प केलं होतं त्यांची नावं आज शोधावी लागतात.

ग्लोरिया ग्रॅहमला एवढं आयुष्य लाभलं नाही. ती १९८१ मध्ये गेली. पण चाहत्यांच्या मनात तिची जागा सर्वांत वरची असावी. फ्रिट्झ लँगच्या 'द बिग हीट'मध्ये (१९५३) ती एका गुंडाची मैत्रीण आहे. मिंकचा कोट, आरशात बघायची सवय, अवखळ बोलणं. ली मार्व्हिनचा गुंड रागाच्या भरात उकळती कॉफी तिच्या चेहऱ्यावर फेकतो. फेकताना कॅमेरा भांड्यावर असतो, तिच्यावर नसतो. आपण फक्त किंकाळी ऐकतो. त्यानंतर अर्धा चेहरा पट्टीत झाकून ती वावरते, आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर ग्रॅहमने जे केलंय ते नटांनी शिकण्यासारखं आहे. पूर्वी कौतुकाची भुकेली असलेली ही मुलगी आता कुणाला काय वाटेल याची पर्वा सोडते आणि सिनेमातला एकमेव धाडसी निर्णय तीच घेते. पोलिस नायक जे करायला कचरतो ते ती करते.

बायकांच्या या भूमिकांना पुरुषांना नादी लावणाऱ्या विषकन्या म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. मला ते वाचन तोकडं वाटतं. याच काळात आयडा लुपिनोने 'द हिच-हायकर' (१९५३) दिग्दर्शित केला, हेही विसरून चालणार नाही. नॉयरने बायकांना भूक दिली, पैशाची, स्वातंत्र्याची, सुटकेची. आदर्श पत्नी आणि आदर्श आई यांच्यापलीकडे त्या काळच्या पडद्यावर त्यांना दुसरीकडे कुठे एवढी मोकळी जागा होती? महोत्सवाला येणाऱ्या स्त्रिया त्या जाळीच्या टोप्या घालतात, तेव्हा त्या याच मोकळ्या जागेचा सण करत असतात असं मला वाटतं.

आता आपल्याकडे वळतो, कारण हा अंधार मुंबईलाही परका नव्हता.

जर्मनीतून जसे दिग्दर्शक हॉलिवूडला गेले, तसा जोसेफ विर्शिंग हा छायालेखक मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आला. कमाल अमरोहींच्या 'महल'मधले (१९४९) ते लांबलचक जिने, मेणबत्त्या आणि झोके घेणारी झुंबरं त्याच्याच कॅमेऱ्यातली. दोन वर्षांनी नवकेतनचा 'बाजी' आला. त्यामागे पुण्याची एक प्रसिद्ध हकीकत आहे. प्रभातमध्ये 'हम एक हैं'च्या वेळी धोब्याने शर्टांची अदलाबदल केली आणि देव आनंद व गुरुदत्त यांची गाठ पडली. आपल्यापैकी जो आधी मोठा होईल त्याने दुसऱ्याला संधी द्यायची, असं दोघांनी ठरवलं. देव आनंदने नवकेतन ही निर्मितीसंस्था काढली आणि 'बाजी'चं दिग्दर्शन गुरुदत्तकडे दिलं. बलराज साहनींनी लिहिलेल्या या सिनेमात जुगाराचा अड्डा आहे, धुरामागे बसलेला सूत्रधार आहे, जिवावर उदार होऊन नायकाला सावध करणारी गीता बालीची नर्तिका आहे. व्ही. के. मूर्ती तेव्हा सहायक छायालेखक होते. गाण्याच्या चित्रीकरणात आरशातल्या प्रतिबिंबावरून पुढे सरकणारा एक अवघड शॉट त्यांनी सुचवला आणि करून दाखवला. गुरुदत्तने पुढचा सिनेमा थेट त्यांच्या हाती दिला.

तो सिनेमा 'जाल' (१९५२). पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातली कोळीवस्ती, आणि तिथे आलेला सोन्याचा चोरटा व्यापारी, देव आनंद. हिंदीत नायकाला इतकं स्वार्थी आणि निर्दय फार क्वचित दाखवलं गेलंय. मग 'आर पार', मग गुरुदत्तच्या निर्मितीत त्याचा सहायक राज खोसला याचा 'सी. आय. डी.' (१९५६). वहिदा रेहमानचा हा पहिला हिंदी सिनेमा. वरकरणी खलनायकाच्या गोटातली, पण मनातून डळमळलेली तिची कामिनी ही ग्लोरिया ग्रॅहमच्या जातकुळीतली आहे.

मराठी प्रेक्षकाला या साखळीतला पुढचा दुवा जवळचा वाटावा. १९६४ मध्ये राजा परांजपे यांनी 'पाठलाग' केला. काशिनाथ घाणेकर आणि भावना. ज्या वकिलाने बायकोला अग्नी दिलाय, त्याच्यासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी उभी राहते आणि मीच तुझी बायको म्हणते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला हा सिनेमा भावला नसता तरच नवल. दोन वर्षांनी राज खोसलाने तोच 'मेरा साया' म्हणून हिंदीत आणला. हिंदी नॉयरचा एक प्रमुख दिग्दर्शक कथेसाठी मराठीकडे आला होता, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

आपले चाहते प्रेमात कुठेच कमी नाहीत. देव आनंदच्या जन्मशताब्दीला, २०२३ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ३० शहरांत त्याचे चार सिनेमे मोठ्या पडद्यावर आणले. त्यांत 'सी. आय. डी.'ही होता. दोन दिवसांच्या त्या उत्सवाने दाखवून दिलं की जुना कृष्णधवल सिनेमा आजही तिकीट काढून पाहिला जातो. पण आपल्याला मोठं नुकसानही सोसावं लागलंय. कॅस्ट्रोत पहिला महोत्सव भरला त्याच जानेवारीत, २००३ मध्ये, पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या भारतीय सिनेमाचा फार मोठा ठेवा गेला. काही रिळांच्या दुसऱ्या प्रती होत्या, काहींच्या नव्हत्या. सरकारी संग्रहालयाने सगळं करावं आणि रसिकांनी हळहळावं, ही वाटणी मला मान्य नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी ती मान्य केली नाही म्हणून अ‍ॅन शेरिडन आज पुन्हा रोलर कोस्टरवर दिसते.

मला एक कार्यक्रम सुचवायचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना आणि 'पाठलाग' ही दोन्ही १९६४ चीच अपत्यं. तेव्हा पहिली संध्याकाळ लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तिथल्याच प्रेक्षागृहात व्हावी. एका तिकिटात दोन सिनेमे, आधी 'पाठलाग', मग 'मेरा साया'. सुरुवातीला कुणा जाणत्याने या सिनेमाची निगेटिव्ह कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हक्क कुणाकडे आहेत हे नीट सांगावं. त्या सिनेमांवर काम केलेलं कुणी हयात असेल, मग तो संकलकाचा मदतनीस का असेना, त्याला पुढच्या रांगेत बसवावं आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं की टाळ्या द्याव्यात. तिकिटाचे पैसे पुढच्या वर्षीच्या सिनेमाची प्रत शोधायला वापरावेत. पुढच्या वर्षी 'जाल', आणि तो पणजीत.